प्लासी: लढाईचं नाव लावलेली बोट दगडांवर जाऊन कशी बसली

आयर्लंडच्या पश्चिमेला समुद्रात अ‍ॅरन नावाची तीन बेटं आहेत, त्यातलं सगळ्यात छोटं इनिशीर, आणि या इनिशीरच्या पूर्व किनाऱ्यावर एक मालवाहू बोट बसलेली आहे. पाण्यात नाही हं. भरती जिथे संपते त्याच्याही वर, दगडगोट्यांच्या ढिगावर, अख्खीच्या अख्खी, गंजून विटकरी झालेली. 1960 पासून तिथेच आहे.

माझी आत्येबहीण गॉलवेला असते, ती फिरायला गेली होती आणि तिने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. आमचे काका रत्नागिरीचे, त्यांचा लगेच प्रश्न, "अरे ही एवढी वर आली कशी? क्रेनने ठेवली काय?" मी उत्तर टाइप करायला बसलो आणि ते एवढं लांबलं की म्हटलं नीटच लिहू, कारण बोट बुडते कशी हे सगळ्यांना साधारण माहीत असतं पण बोट जमिनीवर चढते कशी आणि चढली तर पुढे कोणी काढत का नाही, हे कोणी सांगत नाही.

आधी बोटीचा जन्म. ही काही मालवाहू बोट म्हणून जन्मलेलीच नाही. 1940 च्या सुमाराला इंग्लंडमधे बेव्हर्ली या गावी बांधली ती ब्रिटिश नौदलासाठी, आणि नाव होतं ज्युलिएट. हो, तीच शेक्सपिअरची. महायुद्धात जर्मन पाणबुड्या आणि सुरुंग यांचा इतका ताप होता की मोठ्या युद्धनौका पुरेनात, मग मासेमारीच्या ट्रॉलरच्या धर्तीवर छोट्या, दणकट, खराब हवेत टिकतील अशा बोटी बांधल्या, त्यातल्या बारा बोटींना शेक्सपिअरच्या नाटकातल्या पात्रांची नावं दिली. हॅम्लेट, ऑथेल्लो, मॅकबेथ, रोमिओपण होता. लांबी साधारण 50 मीटर, वजन 545 टन. म्हणजे जहाजांच्या जगात ही तशी छोटीच, आज न्हावाशेव्याला जी कंटेनरची जहाजं लागतात त्यांच्या शेजारी उभी केली तर होडकं वाटेल.

युद्ध संपलं आणि अशा बोटींचं करायचं काय हा प्रश्न आला. मग त्या विकायला काढल्या. ज्युलिएटच्या पोटात माल भरायला जागा केली, नाव झालं पीटरजॉन, आणि पुढे 1951 च्या आसपास ती लिमरिक स्टीमशिप कंपनीने घेतली आणि तिचं तिसरं नाव ठेवलं, प्लासी.

इथे मी वाचता वाचता थांबलो. प्लासी म्हणजे आपली ती शाळेच्या इतिहासातली प्लासी? 23 जून 1757, क्लाईव्ह, सिराजउद्दौला, मीर जाफर? तर हो, तीच. लिमरिक शहराजवळ शॅनन नदीच्या काठी प्लासी नावाची जागा आहे, आज तिथे लिमरिक विद्यापीठ आहे, आणि त्या जागेचं नाव पडलं ते बंगालमधल्या लढाईवरून. क्लाईव्हला 1762 मधे जी सरदारकी मिळाली ती 'बॅरन क्लाईव्ह ऑफ प्लासी', आणि ती आयर्लंडच्या सरदारांच्या यादीतली होती, म्हणजे पदवी आयर्लंडची, नाव बंगालचं आणि माणूस इंग्लंडचा. आणि मूळ बंगालीत ते गाव पलाशी, पलाशच्या झाडांवरून. पलाश म्हणजे आपला पळस. कुठेही जा, पळसाला पाने तीन म्हणतात, इथे तर पळस थेट अटलांटिकच्या काठावर जाऊन गंजत पडलाय.

असो. आता अपघात.

8 मार्च 1960. प्लासी केरी परगण्यातल्या फेनिट बंदरातून गॉलवेकडे निघालेली. पोटात व्हिस्की, रंगीत काच आणि लोकरीचं सूत असा माल. वर अकरा खलाशी. वादळी वारा. आणि पहाटेच्या अंधारात ती इनिशीरजवळच्या फिनिस नावाच्या खडकावर आदळली.

हा फिनिस खडक म्हणजे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको असा प्रकार आहे. पाण्याखालचा खडक, ओहोटीला जरा दिसेल, भरतीला फक्त वर पाणी फुटताना दिसेल, आणि वादळात तर सगळीकडेच पाणी फुटत असतं त्यामुळे काहीच कळणार नाही. इनिशीरच्या दक्षिण टोकाला 1857 पासून दीपगृह आहे, आणि त्याची गंमत अशी की दिवा सगळीकडे पांढरा दिसतो पण एका ठरावीक पट्ट्यातून बघितलं तर लाल दिसतो. त्या बाजूच्या काचेला लाल रंग, बस एवढंच तंत्र. खलाशाला कळायचं ते एवढंच की मला दिवा लाल दिसतोय म्हणजे मी चुकीच्या पट्ट्यात आहे, पुढे खडक आहे, वळा. तो लाल पट्टा फिनिसवरूनच जातो. आज शिवाय तिथे काळा-पिवळा बोयापण आहे. पण दिवा दिसला तरी वारा आणि लाटा तुम्हाला ढकलत असताना पन्नास मीटरच्या बोटीला वळवायचं म्हणजे सायकलचा हॅंडल फिरवण्याइतकं सोपं नसतं. बोट सुकाणूचं ऐकते ती पुढे जात असताना. वाऱ्याने आडवी झालेली, जोर कमी पडलेली बोट सुकाणूचं ऐकतच नाही, तिला वारा नेईल तिकडे ती जाते.

आता यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. बोट खडकावर अडकलीये, मधे उसळलेलं पाणी, होडी टाकायची सोय नाही, मग अकरा माणसं किनाऱ्यावर आणायची कशी? बेटावरच्याच लोकांचं एक बचावपथक होतं, गावातलीच माणसं, आणि त्यांच्याकडे होतं रॉकेट. दिवाळीतलं रॉकेट असतं ना, तसंच, फक्त मोठं आणि त्याच्या शेपटीला बारीक दोर बांधलेला. किनाऱ्यावरून रॉकेट असं सोडायचं की ते बोटीच्या वरून पलीकडे पडेल आणि दोर बोटीवर आडवा पडेल. खलाशांनी तो बारीक दोर ओढायचा. त्याच्यामागून एक कप्पी येते, कप्पीतून ओवलेला दुहेरी दोर असतो, विहिरीवरच्या रहाटासारखा गोल फिरणारा. ती कप्पी डोलकाठीला उंचावर बांधायची. मग त्याच फिरत्या दोराने किनाऱ्यावरचे लोक एक जाड दोरखंड पाठवतात, तो कप्पीच्या जरा वर बांधायचा. झाला पूल. आता त्या जाड दोरावरून लटकत येतो एक गोल ट्यूबसारखा बोया आणि त्या बोयाला खालून चक्क कॅनव्हासची चड्डी शिवलेली असते. माणसाने चड्डीत पाय घालून बसायचं, किनाऱ्यावरचे लोक ओढतात, माणूस लाटांच्या वरून लटकत लटकत, बऱ्याचदा लाटांमधून बुचकळत, किनाऱ्याला. मग रिकामी चड्डी परत बोटीकडे. पुढचा. असं अकरा वेळा.

ऐकायला विनोदी वाटतं पण या युक्तीने दीडशे वर्षं माणसं वाचवलीत. दोर फेकण्याची ही पद्धत रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मॅनबी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आधी छोट्या तोफेतून गोळ्याला दोर बांधून उडवला होता, 1808 मधे त्याने माणसं वाचवून दाखवली, रॉकेट नंतर आलं. आणि कप्पीसोबत एक लाकडी पाटी जायची, तिच्यावर सूचना लिहिलेल्या असायच्या की हे नेमकं कुठे बांधायचं, त्यापण एकापेक्षा जास्त भाषांत, कारण अडकलेली बोट कुठल्या देशाची निघेल सांगता येत नाही आणि लाटांच्या आवाजात ओरडून सांगण्यात अर्थ नसतो. कोणीतरी किती बारीक विचार केलाय बघा.

प्लासीचे अकराच्या अकरा खलाशी वाचले. बेटावर मोजकी घरं, आजही लोकवस्ती तीनशेच्या आतबाहेर. रात्रीतून उठून वादळात हे सगळं सामान खडकाळ किनाऱ्यावर वाहून न्यायचं, तेही हाताने.

पण काकांचा प्रश्न तसाच आहे. बोट तर खडकावर होती, पाण्यात. किनाऱ्यावर कशी आली?

तर काही आठवड्यांनी दुसरं वादळ आलं, त्याने बोट खडकावरून उचकटली आणि किनाऱ्यावर आणून टाकली. एका वाक्यात एवढंच. पण यात तीन गोष्टी एकावर एक चढतात त्या सांगतो.

पहिली, हवेचा दाब. समुद्रावर हवा सतत दाबून बसलेली असते. वादळात दाब कमी होतो म्हणजे वरचं ओझं कमी होतं आणि पाणी थोडं वर येतं, साधारण एक हेक्टोपास्कल (हे हवेचा दाब मोजायचं माप) दाब उतरला की एक सेंटिमीटर पाणी चढतं. खोल वादळात दाब चाळीसेक हेक्टोपास्कल उतरला तर चाळीसेक सेंटिमीटर पाणी आपोआप वर. दुसरी, वारा. तो पाण्याला किनाऱ्याकडे लोटत राहतो आणि पाणी तिथे साचतं, परातीत पाणी घेऊन एका बाजूने जोरात फुंकर मारत राहा, पलीकडच्या काठाला पाणी चढलेलं दिसेल. त्यात उधाणाची भरती असली तर विचारूच नका, हे सगळं तिच्या डोक्यावर बसतं. तिसरी आणि खरी दांडगी गोष्ट, लाटा. लाटेची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे लाट दुप्पट उंच झाली की ताकद दुप्पट नाही, चौपट होते. आणि इनिशीरच्या पश्चिमेला हजारो किलोमीटर नुसता मोकळा अटलांटिक आहे, लाटेला वाढायला मैदान पाहिजे तेवढं.

आता असं होतं की पाणी आधीच चढलेलं, त्यावर लाट आली की फुटलेली बोटसुद्धा क्षणभर हलकी होते, कारण पाण्यात बुडालेल्या वस्तूचं वजन कमी भासतं आणि बोटीच्या एखाद्या बंद कप्प्यात हवा अडकलेली असली तर अजून कमी. त्या क्षणात लाट तिला ढकलते. लाट गेली, बोट धपकन खाली बसली. पुढची लाट, अजून थोडं. एकदम उचलून फेकलं असं सहसा होत नाही, वादळ रात्रभर हे ढकलणं करत राहतं. आणि पाणी ओसरतं तेव्हा बोट तिच्या सर्वात वरच्या जागी राहते, कारण तिथून परत खाली आणायला तेवढंच पाणी पुन्हा यावं लागेल, जे रोजच्या भरतीला कधीच येत नाही. म्हणून ती आज कोरड्यात. तिला तिथे ठेवणारं पाणी रोजचं नव्हतंच.

खोटं वाटत असेल तर या किनाऱ्यावरचे दगड बघा. अ‍ॅरन बेटं चुनखडीची, सपाट थरांची, आणि लाटा तिथले थर उपटून कड्यांच्या वर फेकतात, 2013-14 च्या हिवाळ्यात पश्चिम आयर्लंडमधे शेकडो टनांचे दगड सरकलेले संशोधकांनी आधीचे आणि नंतरचे फोटो ताडून दाखवलेत. दगडाचं हे, तर पोकळ बोटीचं काय.

काका म्हणाले मग आमच्या मिऱ्याला पण तेच झालं की. बरोबर. निसर्ग चक्रीवादळ, 3 जून 2020, रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्याला बसरा स्टार नावाची बोट येऊन बंधाऱ्याला लागली आणि पुढे वर्षानुवर्षं लोक तिच्यासोबत सेल्फी काढत राहिले. पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी खडकाऐवजी वाळू असते आणि वाळूचं गणित वेगळं. खडक बोटीचं पोट फाडतो, वाळू फाडत नाही, ती धरते. 2011 च्या जूनमधे जुहूला विस्डम नावाचं जहाज येऊन रुतलेलं आठवत असेल, ते अलंगला मोडायलाच चाललं होतं, ओढणाऱ्या टगचा दोर तुटला आणि आलं वाहत. ते साधारण तीन आठवड्यांत भरती बघून परत ओढून नेलं, कारण हालचाल लवकर झाली. गोव्यात कांदोळीला रिव्हर प्रिन्सेसचं उलट झालं. खनिजाचं जहाज, 240 मीटर लांब, 6 जून 2000 ला पावसाळी वादळात येऊन रुतलं आणि हलायला 2012 उजाडलं. बारा वर्षं.

का? समुद्राच्या कडेला पाण्यात उभं राहिलं की लाट परत जाताना टाचेखालची वाळू सरकते आणि पाय आत जातात ना, तेच. जहाजाच्या कडेने पाणी फिरतं, खालची वाळू उकरतं, जहाज खाली बसतं, मग बाजूने वाळू परत भरते. प्रत्येक पावसाळ्याला थोडं अजून आत. पोटात वाळू भरली की वजन वाढलं ते वेगळंच. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जे काम दोन टग करू शकले असते त्याला नंतर जहाज जागेवरच कापून तुकड्या-तुकड्याने न्यावं लागतं, तेही पावसाळा सोडून. रिव्हर प्रिन्सेससाठी तर गोवा सरकारला 2001 मधे पर्यटनस्थळांच्या रक्षणाचा वेगळा कायदा करावा लागला, जहाज ताब्यात घेता यावं म्हणून. तेवढं करूनही दहा-अकरा वर्षं गेली.

आता पैशाचं. लोकांना वाटतं की एवढं लोखंड फुकट पडलंय, भंगारवाला का नेत नाही. तुमच्या गाडीला अपघात झाला, गाडीची बाजारात किंमत तीन लाख आणि गॅरेजवाला म्हणाला दुरुस्तीला साडेतीन लागतील, तर विमा कंपनी काय म्हणते? टोटल लॉस. जहाजाचंही अगदी तेच, फक्त दुरुस्तीच्या खर्चात सोडवून आणण्याचा खर्चपण धरतात. प्लासीसारख्या वीस वर्षांच्या, मुळात युद्धाच्या घाईत बांधलेल्या, पोट फाटलेल्या छोट्या बोटीचं गणित लावून बघा. टग मागवा, पाणबुडे आणा, भोकं बुजवा, ओढा, आणि ओढून नेल्यावर हातात काय तर भंगार. त्यात ही कोरड्यावर, म्हणजे टग जवळ येऊच शकत नाही, आणि जमिनीवरून जावं तर छोटंसं बेट, अरुंद दगडी कुंपणांच्या वाटा, कापलेलं लोखंड परत बोटीतच घालून न्यायचं. खर्च जास्त, भंगार स्वस्त.

सोडवण्याचं काम करणाऱ्या कंपन्यांचा एक जुना करार असतो, त्याचं तत्त्व सरळ आहे, बोट सुटली तर पैसे, नाही सुटली तर शून्य. त्यामुळे ज्या बोटीत जीव उरला नाही तिच्या वाटेला ते जातच नाहीत. शहाणी माणसं.

हल्ली नियम कडक झालेत. 2007 मधे नैरोबीत एक आंतरराष्ट्रीय करार झाला, तो 14 एप्रिल 2015 पासून लागू आहे, भारतही त्यात आहे. सार एवढंच की फुटलेलं जहाज धोक्याचं असेल तर ते काढायचा खर्च मालकाचा, आणि 300 टनांच्या वरच्या जहाजांनी त्यासाठीचा विमा काढूनच फिरायचं. 1960 साली असलं काही नव्हतं. बोटीतून तेल वाहत नव्हतं, कोणाच्या वाटेत नव्हती, मग राहिली.

मालाचं काय झालं हा पुढचा प्रश्न, आणि तो आमच्या ग्रुपवर व्हिस्की शब्द वाचल्यावर तीन जणांनी विचारला. कायद्याने फुटलेल्या बोटीतला माल सापडणाऱ्याचा होत नाही. मूळ मालकाचा राहतो. सापडला तर सरकारी अधिकाऱ्याला कळवायचं, मालकाला दावा करायला एक वर्ष मिळतं, आपल्या 1958 च्या व्यापारी जहाजांच्या कायद्यातही हे वर्षभराचंच होतं कारण सगळ्यांचं मूळ एकाच जुन्या ब्रिटिश कायद्यात आहे. हे झालं कागदावर. इनिशीरकरांनी बोटीतून बराच माल उतरवून घेतला असं तिथे सगळे सांगतात. ज्या बेटावर झाडं जवळपास नाहीत, लाकडाची फळीसुद्धा बोटीने मागवावी लागते, तिथे समुद्राने दारात आणून टाकलेली गोष्ट लोक कशी बघत असतील ते किनाऱ्यावर वाढलेल्याला वेगळं सांगायला नको. आमच्या आजोबांच्या पडवीचा एक वासा समुद्रातून आलेला होता, जास्त बोलत नाही.

शेवटी गंज. कोकणात घर असलेल्यांना खिडकीचे गज आठवतील, दर दोन वर्षांनी रंग मारला नाही की गेले. लोखंडाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतं, आणि मीठ मधे पडून काम फास्ट करतं, शिवाय ते हवेतला ओलावा धरून ठेवतं. सतत पाण्याखाली असलेल्या लोखंडाला ऑक्सिजन कमी मिळतो. पण प्लासी अशा ठिकाणी आहे जिथे खारा तुषार उडतो, वाळतो, परत उडतो, म्हणजे दोन्हीचा पुरवठा भरपूर. त्यात गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्रे सुटतात, आतलं ताजं लोखंड उघडं पडतं, मग त्याला गंज. पातळ पत्रे आधी जातात, म्हणून तिच्या अंगाला भोकं पडलीत आणि फासळ्या दिसायला लागल्यात. जाड भाग टिकून राहतात.

आणि ती अजून हलते. जानेवारी 2014 च्या वादळात, इतक्या वर्षांनी, प्लासी तिच्या जागेवरून सरकली. म्हणजे ते रोजचं नसलेलं पाणी परत आलं होतं.

नव्वदच्या दशकात एका विनोदी टीव्ही मालिकेच्या सुरुवातीला हेलिकॉप्टरमधून घेतलेला हिचा शॉट होता, त्यामुळे जुनी जागा नीट नोंदलेली आहे. आत्येबहिणीला सांगून ठेवलंय, परत गेलीस की समुद्राला पाठ करून त्या मोठ्या दगडी कुंपणाच्या कोपऱ्यापासून एक फोटो काढ, बोट आणि कुंपण दोन्ही यायला पाहिजेत. पुढच्या हिवाळ्यानंतर परत तिथूनच काढ. काकांना मोजायचंय किती सरकते ते.